बायबल, बायसेप्स आणि वजनकाटा

मे २०२५. रोममध्ये नव्या पोपची निवड झाली, टीव्हीवर त्यांचा चेहरा झळकला आणि व्हॅटिकनजवळच्या एका जिममधला ट्रेनर उडालाच. अरे, हे तर आपल्याकडे येणारे रॉबर्ट! कार्डिनल रॉबर्ट प्रीव्होस्ट, म्हणजे आताचे पोप लिओ चौदावे, या जिमचे मेंबर होते. वय ६९. आपण व्यायाम कोणाकडून करून घेतोय, याचा त्या बिचाऱ्याला पत्ताच नव्हता. शिवाय हे गृहस्थ टेनिसवेडे. निवडीनंतर आठवड्याभरातच टेनिसपटू यानिक सिनर त्यांना भेटायला गेला, तो हातात रॅकेट घेऊनच.

बातमी गमतीची म्हणून मोबाइलवर फिरली आणि विसरलीही गेली. पण त्याच वर्षी जूनमध्ये व्हॅटिकनने खेळाडूंसाठी खास दोन दिवसांचा सोहळा केला. सप्टेंबरमध्ये डोंगर चढण्याचं वेड असलेल्या एका इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याला संतपद दिलं गेलं. त्याच्याकडे आपण नंतर येऊच. तिकडे अमेरिकेत ‘एक्झोडस ९०’सारखी अ‍ॅप्स कॅथलिक तरुणांना नव्वद दिवसांचा कार्यक्रम देतात : रोज प्रार्थना, गोड बंद, नियमित व्यायाम आणि थंड पाण्याची आंघोळ. (या शेवटच्या मुद्द्याचं कौतुक होस्टेलवाल्यांना सांगू नये. गीझर बंद पडला की आपण सगळेच संन्यासी.) आणि रील्सचं तर विचारूच नका. डेडलिफ्ट मारणारा मुलगा, मागे दणदणीत म्युझिक आणि खाली बायबलमधलं वचन.

तुम्ही ख्रिस्ती असाल तर यातलं काही ना काही तुमच्या चर्चच्या युथ ग्रुपवर येऊन गेलंच असेल. नसाल, तरी हा विषय परका वाटायचं कारण नाही. मारुतीला नमस्कार केल्याशिवाय लाल मातीत पाऊल न टाकणारी तालीम आपल्याच गल्लीत आहे, आणि बलोपासना हा शब्द समर्थ रामदासांमुळे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. शरीर कमावणं आणि देवाचं नाव घेणं यांची जोडी आपल्याला नवी नाही. प्रश्न वेगळाच आहे. देवाच्या नावाने घाम गाळताना नेमकं काय कमावलं जातंय? अंगात बळ येतंय, की दुसऱ्याच्या पोटाकडे बघून त्याची श्रद्धा मोजायची सवय लागतेय?

आधी ती वचनं बघू, कारण गडबड तिथूनच सुरू होते. जिमच्या टी-शर्टांवर सर्वात जास्त दिसणारी कल्पना म्हणजे शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर. ही पौलाची. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात ती येते. पण तो अध्याय पूर्ण वाचा. तिथे पौल कॅलरींबद्दल बोलतच नाहीये. विषय आहे वेश्यागमनाचा. करिंथमधल्या काहींचं म्हणणं असं, की आत्मा शुद्ध असला की झालं, शरीराने काहीही केलं तरी काय फरक पडतो? त्यावर पौल म्हणतो, फरक पडतो, कारण शरीर हे आत्म्यावर चढवलेलं टाकाऊ कव्हर नव्हे. आणि याच पत्रात आधी, तिसऱ्या अध्यायात, तो सगळ्या मंडळीला मिळून देवाचं मंदिर म्हणतो. एकट्याच्या सिक्स पॅकला नव्हे.

दुसरं लाडकं वचन फिलिप्पैकरांस पत्रातलं, चौथ्या अध्यायातलं तेरावं. बास्केटबॉलचा सुपरस्टार स्टेफ करी ते बुटांवर मिरवतो. देवाच्या बळावर सगळं शक्य आहे, असा त्याचा साधारण आशय. बेंच प्रेसला एकदम फिट्ट! फक्त त्याच्या आधीची ओळ कोणी वाचत नाही. पौल कैदेत आहे आणि सांगतोय, की मला पोटभर खाऊन राहता येतं तसं उपाशीही राहता येतं. म्हणजे वचन आहे ते परिस्थिती झेलण्याबद्दल. त्यातून तीन थ्रीपॉइंटर पडतील, अशी गॅरंटी पौलाने कुठेही दिलेली नाही.

याचा अर्थ पौलाला व्यायामाचं वावडं होतं असा नाही. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरायचे, त्यामुळे तिथल्या लोकांना तो धावपटूंचे आणि मुष्टियोद्ध्यांचे दाखले देतो. ते पानांच्या मुकुटासाठी इतकं राबतात, मग तुम्ही? असा त्याचा सूर. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात शारीरिक कसरतीचा उपयोग थोडा असतो, असंही म्हटलंय. थोडा! या एका शब्दावर शतकानुशतकं वाद झालेत. काहींनी तो ‘जवळजवळ नाहीच’ असा वाचला, काहींनी ‘असतो ना, मग करा’ असा.

पहिल्या गटाने शरीराचे हाल केले. इग्नेशियस लोयोलाचंच घ्या. १५२२मध्ये स्पेनमधल्या मानरेसा गावात त्याने इतके उपास आणि जागरणं केली, की पोटाची कायमची वाट लागली. पण पुढे त्याने येशूसंघ, म्हणजे जेझुइट संघ स्थापन केला, तेव्हा नियमांत स्वतःच्या तब्येतीची माफक काळजी घेण्याचा आग्रह धरला. दुखणाईत माणूस सेवा काय करणार, हा साधा हिशेब. त्याच्या ‘स्पिरिच्युअल एक्सरसाइजेस’ या पुस्तकाच्या नावातही कसरत आहेच. सुरुवातीलाच तो म्हणतो, की चालणं-धावणं हे जसे शरीराचे व्यायाम, तसे हे आत्म्याचे.

दुसऱ्या गटाचा जमाना आला एकोणिसाव्या शतकात, इंग्लंडमध्ये. १८५७च्या सुमारास तिथे ‘मस्क्युलर ख्रिश्चॅनिटी’ हा शब्द रूढ झाला. आपण त्याला पिळदार ख्रिस्ती धर्म म्हणू. चार्ल्स किंग्जली आणि ‘टॉम ब्राउन्स स्कूलडेज’ लिहिणारा थॉमस ह्यूज ही त्यातली मोठी नावं. धर्म फार मवाळ, फार पुस्तकी झालाय, तरुणांनी मैदानात उतरावं, बळ कमवावं आणि ते दुबळ्यांच्या रक्षणासाठी वापरावं, असा हा विचार. ऐकायला झकास. पण साम्राज्याच्या भरात ‘दुबळ्यांचं रक्षण’ हे ‘दुबळ्यांवर राज्य’ कधी झालं, हे कळलंही नाही. मर्दानगी म्हणजेच भक्ती असं समीकरण ठरल्यावर मुली त्यात आपोआप बाहेर राहिल्या. आजच्या जिम-बायबल रील्समध्ये मुलगे किती आणि मुली किती, एकदा मोजून बघा.

तरीही या विचाराने जगाला एक फार मोठी गोष्ट दिली आणि ती तुमच्या कॉलेजच्या ग्राउंडवर आहे. १८४४मध्ये लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स नावाच्या, कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या तरुणाने मित्रांबरोबर वायएमसीए सुरू केली. तेव्हा तिथे जिम वगैरे काही नव्हतं. दिवसभर राबून दुकानाच्याच माडीवर झोपणारी खेड्यातली पोरं, त्यांना प्रार्थनेला आणि बायबल वाचायला एक जागा हवी होती, एवढंच. व्यायामशाळा नंतर आल्या. १८९१मध्ये ल्यूथर गुलिक या अमेरिकन डॉक्टरने संस्थेला त्रिकोण दिला : शरीर, मन, आत्मा. वायएमसीएच्या बोर्डावर तो लाल त्रिकोण तुम्ही बघितला असेल.

त्याच वर्षी डिसेंबरात, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे, याच गुलिकने जेम्स नेस्मिथ या शिक्षकाला सांगितलं, की बर्फामुळे पोरं आत कोंडलीयेत आणि वैतागलीयेत, त्यांच्यासाठी हॉलमध्ये खेळता येईल असं काहीतरी काढ. नेस्मिथने बाल्कनीला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहिले आणि बास्केटबॉल जन्माला आला. हा नेस्मिथ मुळात धर्मशास्त्र शिकलेला. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याने रग्बी खेळावं, हे त्याच्या सोबत्यांना बिलकूल पसंत नव्हतं. चार वर्षांनी जवळच्याच होल्योक गावातल्या वायएमसीएमध्ये विल्यम मॉर्गनने व्हॉलीबॉल काढला, तो बास्केटबॉलची धावपळ न झेपणाऱ्या मोठ्या वयाच्या लोकांसाठी. हे मला फार आवडतं. जिंकणाऱ्यांसाठी खेळ खूप होते, याने ज्यांना दम लागतो त्यांचा विचार केला.

स्प्रिंगफील्डमधूनच शिकून हॅरी क्रो बक भारतात आला आणि १९२०मध्ये त्याने मद्रासला शारीरिक शिक्षणाची संस्था काढली. आजही चेन्नईत ती वायएमसीएचं कॉलेज म्हणून चालू आहे. १९२४च्या पॅरिस ऑलिम्पिकला गेलेल्या भारतीय संघाबरोबर हाच बक होता. आणि त्याच ऑलिम्पिकमध्ये एरिक लिडेल या स्कॉटिश धावपटूने रविवारी प्राथमिक फेरी आहे म्हणून १०० मीटर सोडली आणि ४०० मीटरचं सोनं ४७.६ सेकंदांत पटकावलं. ‘चॅरियट्स ऑफ फायर’ सिनेमा इथपर्यंतच आहे. पुढचा भाग त्याहून मोठा. लिडेल मिशनरी म्हणून चीनला गेला आणि दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या छावणीत कैद झाला. तिथे अडकलेल्या मुलांना तो शिकवायचा, त्यांचे खेळ घ्यायचा. मेंदूतल्या गाठीने १९४५च्या फेब्रुवारीत तिथेच गेला. वय ४३.

मुंबईतही या गोष्टीचा एक धागा आहे. १९२०च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनने नागपाड्याच्या दाट वस्तीत नेबरहुड हाऊस सुरू केलं. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे त्याचे प्रमुख. समाजकार्याचं शास्त्रशुद्ध शिक्षण हवं, हा विचार याच कामातून पक्का झाला आणि १९३६मध्ये तिथेच दोराबजी टाटांच्या नावाची संस्था सुरू झाली. आज तिलाच आपण टिस म्हणतो. याच नागपाड्याच्या मातीत बास्केटबॉल असा काही रुजला, की तिथल्या अब्बास मुंतसिरने भारताचं नेतृत्व केलं आणि १९७०मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवला. प्रोटेस्टंट शिक्षकाने शोधलेला खेळ, मुस्लिम मोहल्ला आणि भारताची जर्सी. धर्मांतराच्या चष्म्यातूनच मिशनऱ्यांकडे बघायचं असेल तर हे हिशेबात बसत नाही. पण झालंय खरं.

आता आजच्याकडे येऊ, कारण गोष्ट इथे वळण घेते. नेस्मिथ किंवा मॅन्शार्ट यांच्या काळात प्रश्न होता खेळायला जागा आणि सोबत मिळण्याचा. आज प्रश्न झालाय कंबरेच्या घेराचा. २०११च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चने ‘डॅनियल प्लॅन’ काढला. पास्टर रिक वॉरन बाप्तिस्मा देता देता थकले. लोक केवढे जाड झालेत, असं त्यांच्या मनात आलं आणि मग, अरे, मी तरी कुठे बारीक आहे! चर्चच्या सांगण्याप्रमाणे पहिल्या वर्षी सुमारे पंधरा हजार लोक सामील झाले आणि सगळ्यांचं मिळून अडीच लाख पौंड वजन उतरलं, म्हणजे एक लाख किलोंच्या वर. लोक छोट्या गटांत भेटत, एकमेकांसाठी प्रार्थना करत, एकत्र चालायला जात. यात वाईट काय? काहीच नाही. मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी असताना चर्चने भाज्या खा म्हणून सांगणं चांगलंच.

फक्त एक गंमत. योजनेला नाव दानीएलचं. या दानीएलने बॅबिलोनच्या राजाच्या पंगतीतलं अन्न नाकारलं आणि दहा दिवस फक्त भाजीपाला आणि पाणी घेतलं. कारण डाएट नव्हतं. परक्या राजाच्या ताटाने आपण विटाळू नये, स्वतःची ओळख सोडू नये, हे होतं. आणि दहा दिवसांनंतर? बायबल सांगतं, तो आणि त्याचे मित्र राजाचं जेवण जेवणाऱ्यांपेक्षा अधिक भरलेले दिसले. भरलेले! ज्याच्या नावाने लाख किलो उतरवले, त्याचं स्वतःचं वजन वाढलं होतं.

हसून झालं असेल तर पुढची गोष्ट ऐका, ती हसण्यासारखी नाही. ग्वेन शॅम्ब्लिन ही टेनेसी राज्यातली आहारतज्ज्ञ. १९८६मध्ये तिने ‘वे डाउन वर्कशॉप’ सुरू केलं. शिकवण सोपी : खरी भूक लागेल तेव्हाच खा, पोट भरलं की थांब आणि उगाच खावंसं वाटलं तर फ्रिजकडे न जाता देवाकडे जा. नव्वदच्या दशकात हजारो चर्चमध्ये हे वर्ग चालले, पुस्तक तुफान खपलं. पण या शिकवणीत एक सुरी लपलेली होती. जास्त खाणं म्हणजे अन्नाची मूर्तिपूजा. म्हणजे पाप. मग जाड माणूस कोण झाला? ज्याचं पाप सगळ्यांना दिसतं असा. १९९९मध्ये तिने स्वतःचं वेगळं चर्च काढलं. तिथून बाहेर पडलेल्यांनी नंतर जे सांगितलं त्यात सडपातळपणाचा दबाव होता, वजनावरून होणारे अपमान होते, नेत्यांचा घराघरांत चालणारा हस्तक्षेप होता. चर्चने हे आरोप फेटाळले. २९ मे २०२१ला विमान अपघातात शॅम्ब्लिन, तिचा नवरा आणि इतर पाच जण गेले. त्यानंतर आलेल्या माहितीपटाने हे सगळं जगासमोर ठेवलं.

ही एका टोकाच्या पंथाची गोष्ट म्हणून सोडून देता येईल. मला नाही तसं वाटत. कारण त्यातलं गणित आपल्या अवतीभवती रोज चालतं, फक्त देवाचं नाव न घेता. ‘चीट डे’ हा शब्दच बघा. खाल्लं म्हणजे फसवणूक केली! ‘गिल्ट फ्री’ बिस्किटं मिळतात, म्हणजे बाकीच्या बिस्किटांत अपराध भरलेला. पाप, कबुली, प्रायश्चित्त ही सगळी भाषा जिमने कधीच उचलली आहे. त्यात खरोखरचा देव आणून बसवला, की अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराच्या डोक्याचं काय होत असेल? मेसमध्ये दोन पोळ्या जास्त खाल्ल्या तर आई नाही, ट्रेनर नाही, थेट देव नाराज. तुमच्या रूममेटचं असं काही चाललं असेल, जेवण टाळणं, खाल्ल्यावर स्वतःचा राग येणं, दिवसातून चारदा वजन करणं, तर त्याला वचन फॉरवर्ड करू नका. डॉक्टरकडे किंवा कॉलेजच्या समुपदेशकाकडे घेऊन जा. सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइनही आहे, नंबर १४४१६.

आणि आजारी शरीराचं काय? दमा असलेली मुलगी, पोलिओने पाय गेलेला काका, केमोथेरपीने केस गळलेली आजी. शरीर मंदिर असेल तर ही मंदिरं पडकी का? पौल स्वतः सांगतो, की माझ्या देहात एक काटा आहे, तो काढ म्हणून मी देवाला तीनदा विनवलं, पण तो निघाला नाही. फिटनेसच्या धर्मात या काट्याला जागाच नाही. म्हणून चर्चच्या एखाद्या फिटनेस उपक्रमात उतरताना मी आधी हेच बघेन, की ज्याला पळता येत नाही तो तिथे काय करतो. व्हॅटिकनची स्वतःची अ‍ॅथलेटिक टीम २०१९मध्ये सुरू झाली. तिच्यात स्विस गार्ड होते, पाद्री होते, नन होत्या, औषधाच्या दुकानातले लोक होते, वाचनालयातले ६२ वर्षांचे प्राध्यापक होते आणि मानद सदस्य म्हणून दोन मुस्लिम स्थलांतरित तरुण. यात पदकं कोण आणणार, हा प्रश्न रास्तच. पण सोबत कोणाकोणाला घ्यायचं हे त्यांनी आधी ठरवलं होतं, एवढं तरी दिसतं.

आणखी एक गोष्ट बघेन : वाचलेले पैसे कुठे जातात? ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात जुनी शिकवण तीन गोष्टी एकत्र सांगते. प्रार्थना, उपवास आणि दान. तुम्ही जे खाल्लं नाही, ते दुसऱ्याच्या ताटात पडलं पाहिजे. यशया संदेष्ट्याने तर उपवासाची व्याख्याच उपाशी माणसाबरोबर भाकरी वाटून घेणं अशी केली. डाएटमध्ये हा तिसरा पाय गळून पडतो. बर्गर सोडला आणि त्याच पैशांत प्रोटीनचा डबा आणला, तर तो डाएट उत्तम असेल. उपवास नव्हे.

आता तो इंजिनीअरिंगचा विद्यार्थी. पिएर जॉर्जो फ्रासाती, जन्म १९०१, इटलीतलं तुरीन शहर. वडील ‘ला स्टाम्पा’ या मोठ्या वृत्तपत्राचे मालक, पुढे जर्मनीत राजदूत. घरात पैसा, धर्माची फारशी आवड नाही. पोरगा तगडा, हसरा, आल्प्समध्ये चढाई करणारा, स्कीइंग करणारा. मित्रांच्या टोळक्याला त्यांनी नाव दिलं होतं ‘संशयास्पद मंडळी’. खाणकाम शिकायचं ठरवलं, कारण खाणीतल्या मजुरांमध्ये काम करायचं होतं. अभ्यासात फार चमक नाही, पदवी लांबतच गेली. (इथे कोणाला तरी बरं वाटलं असेल.) डोंगरावरच्या फोटोंत दातांत चक्क पाइप धरलेला दिसतो. आजच्या फिटनेस कोचने तिथेच नापास केलं असतं.

त्याच्या तगडेपणाचा उपयोग काय झाला? तुरीनच्या गरीब वस्त्यांतले जिने चढायला. घरून मिळालेले पैसे, ट्रामचं भाडंसुद्धा, तिथे देऊन टाकायचा आणि जेवायच्या वेळेला पोहोचण्यासाठी घरी पळत यायचा. त्याचं रोजचं कार्डिओ हे. घरच्यांना यातलं जवळपास काहीच माहीत नव्हतं. १९२५च्या जूनच्या अखेरीला त्याला पोलिओ झाला, बहुधा याच आजारी लोकांमधून. घरात आजी शेवटचे दिवस मोजत होती, सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे. चोवीस वर्षांचा दणकट पोरगा अंथरुणावरून उठत नाहीये, हे कळायला उशीर झाला. चार जुलैला तो गेला.

अंत्ययात्रेला शहरातले गरीब लोक इतक्या संख्येने रस्त्यावर उभे होते, की हे कोण, असा प्रश्न आईवडिलांना पडला. आदल्या दिवशी, हात जवळजवळ लुळा पडलेला असताना, त्याने एका मित्राला चिठ्ठी लिहिली होती. अक्षर लागत नाही इतकं वेडंवाकडं. मजकूर एका आजारी गरीब माणसाच्या इंजेक्शनांबद्दलचा, ती तेवढी त्याच्यापर्यंत पोहोचवशील ना, अशा अर्थाचा.